केसपेपर किती वर्षं जपायचा?

ऑपरेशन थिएटरातून बाहेर पडणाऱ्या पिवळ्या पिशवीत काय होतं, ती कधी गेली, कुणी उचलली याच्या नोंदी रुग्णालयानं पाच वर्षं सांभाळायच्या, असं २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम सांगतात. त्याच थिएटरात ज्याचं ऑपरेशन झालं, त्या माणसाचे कागद किती वर्षं सांभाळायचे? तीन. तीही डिस्चार्जच्या तारखेपासून मोजलेली नाहीत. उपचार सुरू झाले त्या दिवसापासून मोजायची. कचऱ्याच्या नोंदीला पाच आणि माणसाच्या नोंदीला तीन, ही विसंगती कुणी मुद्दाम ठरवलेली नाही. वेगवेगळ्या खात्यांनी वेगवेगळ्या वर्षी, आपापल्या अडचणी समोर ठेवून आकडे लिहिले. त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे आपल्याकडचा वैद्यकीय नोंदींचा 'कायदा'.

तीन वर्षांचा आकडा येतो भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेतून. तिच्यातली वाक्यं मोजकीच आहेत. दाखल रुग्णांची नोंद ठरावीक नमुन्यात, उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवावी. रुग्णानं, त्यानं अधिकार दिलेल्या नातेवाइकानं किंवा कायद्यानं अधिकार असलेल्या यंत्रणेनं कागद मागितले तर पोच द्यावी आणि ७२ तासांत कागद द्यावेत. यात कसूर केली तर ते गैरवर्तन. नोंदी संगणकावर घेण्याचे 'प्रयत्न करावेत', असंही एक वाक्य आहे. आपल्याकडे 'प्रयत्न करावेत' लिहिलेल्या वाक्यांचं जे होतं तेच याचंही बरीच वर्षं झालं.

आता यात काय नाही ते पाहू. ओपीडी नाही. मधुमेहाचा, दम्याचा, फिट्सचा रुग्ण वर्षानुवर्षं ज्या केसपेपरवर औषध घेतो, त्या कागदाला ही आचारसंहिता ओळखतच नाही. मोजणी 'उपचार सुरू झाल्यापासून' असल्यामुळे दुसरी गंमत होते. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येणाऱ्या माणसाचा उपचार पाच वर्षं चालू असेल, तर अक्षरार्थानं त्याच्या सुरुवातीच्या वर्षांचे कागद रद्दीत घालायला हरकत नाही, आणि माणूस मात्र अजून त्याच खुर्चीवर! कुठलाही शहाणा डॉक्टर असं करत नाही हे खरं, पण नियम शहाण्यांसाठी लिहायचे नसतात.

हा आकडा तीनच का? माझ्या मते तो मुदतीच्या कायद्याच्या मापानं बेतलेला आहे. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत, ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची. म्हणजे खटल्याची भीती संपली की कागदाचं काम संपलं, असा त्यामागचा हिशेब दिसतो. काळही तसाच होता. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शांता प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की गोपनीयतेचं कारण पुढे करून रुग्णाला त्याच्याच कागदांच्या प्रती नाकारता येणार नाहीत. 'पेपर हॉस्पिटलचे असतात, बाहेर देत नाही' हे काउंटरवरचं उत्तर तेव्हापासून बेकायदा आहे. ते अजून ऐकू येतं, ती वेगळी गोष्ट.

खटल्याच्या मापानं मुदत ठरवण्यातला दोष लहान मुलांच्या बाबतीत उघडा पडतो. बाळंतपणाची एक फाइल घ्या. तिच्यात अ‍ॅडमिशनचा कागद असतो, संमतीपत्र असतं, कळांची वेळ आणि बाळाच्या ठोक्यांचे ठिपके दाखवणारा पार्टोग्राफ असतो, नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, बाळ किती वाजता रडलं याची एक ओळ, अपगार स्कोअर, आणि असलीच तर ठोक्यांची लांब पट्टी. बाळाच्या मेंदूला जन्मताना प्राणवायू कमी पडला असेल, तर पहिल्या महिन्यांत घरच्यांना बहुधा काही कळत नाही. मान उशिरा धरली, बसणं लांबलं, 'काही मुलं उशिरानंच चालतात' असा आजीचा धीर, मग बालरोगतज्ज्ञ, मग न्यूरॉलॉजिस्ट. सेरेब्रल पाल्सी हा शब्द घरात येईपर्यंत दोन-अडीच वर्षं सहज जातात. आईवडील जुन्या फाइलसाठी दवाखान्यात जातात तेव्हा तीन वर्षं उलटलेली असू शकतात. खटला करायचा नसला, पुढचं मूल होऊ देताना काय काळजी घ्यायची एवढंच विचारायचं असलं, तरी उत्तर त्या फाइलीत होतं.

खटल्याच्या अंगानंही तीन वर्षं पुरत नाहीत. मुदत अधिनियम १९६३ च्या सहाव्या आणि आठव्या कलमांनुसार अज्ञान मुलाची मुदत तो सज्ञान झाल्यावर सुरू होते आणि पुढे जास्तीत जास्त तीन वर्षं चालते. अठरा अधिक तीन, म्हणजे एकवीस. दावा एकविसाव्या वर्षापर्यंत येऊ शकतो आणि कागद तिसऱ्या वर्षी फाडता येतो. कागद नसताना डॉक्टरचा बचाव कशावर उभा राहणार? रुग्णालय नोंदी दाखवू शकलं नाही, तर ग्राहक आयोग आणि न्यायालयं बहुतेक वेळा त्याच्याविरुद्ध अनुमान काढतात. अकाली जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची वेळेवर तपासणी न झाल्यानं त्याला अंधत्व आलं, अशा एका दिल्लीतल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये ७६ लाख रुपयांची भरपाई दिली. बाळ जन्मलं होतं २००५ मध्ये. चौदा वर्षं चाललेल्या अशा प्रकरणात तीन वर्षांची फाइल दोन्हीपैकी कुणाच्याच उपयोगाची नाही. म्हणून ज्यांना वकिलाचा सल्ला परवडतो अशी मोठी रुग्णालयं प्रसूती आणि नवजात विभागाचे कागद स्वतःहून एकवीस वर्षं ठेवतात. तालुक्याच्या गावातल्या पंधरा खाटांच्या नर्सिंग होमला हे सांगणारं सहसा कुणी नसतं.

तीन हा एकच आकडा असता तरी बरं. विशेष कायद्यांचे आकडे निराळे. केमिस्टच्या दुकानात शेड्यूल एच-१ मधल्या औषधांचं रजिस्टर तीन वर्षं, शेड्यूल एक्सच्या चिठ्ठीची प्रत दोन वर्षं. रक्तपेढीच्या नोंदी पाच वर्षं. २०२१ च्या दोन कायद्यांनी तर उंच उडी मारली: कृत्रिम प्रजननाच्या केंद्रांनी नोंदी किमान दहा वर्षं ठेवून मग राष्ट्रीय नोंदणीकडे सोपवायच्या आणि सरोगसी क्लिनिकनं पंचवीस वर्षं. या शेवटच्या दोन आकड्यांत मात्र प्रथमच खटल्यापलीकडचा विचार दिसतो. जन्मलेल्या मुलाला मोठेपणी आपल्या जन्माबद्दल प्रश्न पडू शकतो, हे कायदा करणाऱ्यांच्या मनात आलं असावं.

सोनोग्राफी केंद्रांची कथा महाराष्ट्रात वेगळी सांगायलाच हवी. गर्भलिंगचाचणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानं केला. केंद्राचा १९९४ चा कायदा त्यानंतरचा. त्या कायद्यानुसार कागद दोन वर्षं ठेवायचे, आणि खटला किंवा कारवाई सुरू असेल तर ती संपेपर्यंत. मुदत लहान, पण कागदाचं वजन भलतंच मोठं. गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा 'एफ फॉर्म' अपुरा किंवा चुकीचा भरला तर उलट सिद्ध होईपर्यंत तो कायद्याचाच भंग धरला जातो. एका रिकाम्या रकान्यासाठी मशिन सील होतं, ही डॉक्टरांची जुनी तक्रार. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ती सर्वोच्च न्यायालयात नेली आणि मे २०१९ मध्ये न्यायालयानं ती फेटाळली; फॉर्ममधली चूक निव्वळ कारकुनी म्हणून सोडता येणार नाही, असा निकाल दिला. मला तो निकाल पटतो, कारण इथे गुन्ह्याचा दुसरा पुरावा मिळणं जवळपास अशक्य असतं. बंद खोलीत दोन शब्दांत सांगितलेली गोष्ट कुठे सापडणार? सापडला तर फॉर्मच सापडतो.

याच्या अगदी उलट टोकाला गर्भपाताच्या नोंदी आहेत. २००३ च्या विनियमांनुसार दाखल झालेल्या स्त्रियांचं रजिस्टर ते ज्या वर्षाचं आहे ते कॅलेंडर वर्ष संपल्यापासून पाच वर्षं ठेवायचं. पण ते गुप्त दस्त, कुणालाही पाहायला उघडं नाही. शिवाय त्या स्त्रीचं नाव केसशीटवर, थिएटरच्या रजिस्टरात, फॉलोअप कार्डावर, कुठेच लिहायचं नाही. सगळीकडे फक्त रजिस्टरातला अनुक्रमांक. नोंद जपणं आणि नोंद झाकणं ही दोन्ही कामं एकाच नियमात इतक्या विचारानं बसवलेली दुसरीकडे क्वचित दिसतात. आज 'डेटा प्रायव्हसी' म्हणून जे शिकवलं जातं, ते इथे साध्या वहीत आणि आकड्यात केलेलं आहे.

सरकारी रुग्णालयांचा दंडक आणखी निराळा. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या १९६८ च्या एका पत्रातली मापं अजून उद्धृत होतात: दाखल रुग्णांचे आणि एमएलसीचे, म्हणजे पोलिस-कोर्टाशी संबंध येणाऱ्या प्रकरणांचे, कागद दहा वर्षं, ओपीडीचे पाच. त्याशिवाय राज्याच्या कार्यालयांतली अ, ब, क, ड ही दप्तराची वर्गवारी आणि २००५ चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम. म्हणजे एकच हर्नियाचं ऑपरेशन जिल्हा रुग्णालयात झालं तर कागद दहा वर्षं आणि समोरच्या खासगी दवाखान्यात झालं तर तीन. मात्र प्रत्यक्षात सरकारी रेकॉर्ड रूममध्ये कागद 'ठेवलेला' असणं आणि 'सापडणं' यात बरंच अंतर असतं. लाल फडक्यातले गठ्ठे, वर्षाचा आकडा पुसट झालेला, खालच्या रांगेला ओल आणि वाळवी. एमएलसीचा कागद मात्र कुणी हलवत नाही. तो कोर्टाचा, म्हणून कपाटाला कुलूप.

कागदाचा म्हणून एक दोष इथेच नोंदवायला हवा. सगळे कागद सारखे टिकत नाहीत. ईसीजी, सोनोग्राफीचं छोटं चित्र, बाळाच्या ठोक्यांची पट्टी हे पुष्कळदा थर्मल कागदावर निघतं. उन्हात, उष्णतेत, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं की तो कागद काळवंडतो किंवा पांढरा पडतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर जपून ठेवलेल्या ईसीजीवर चार वर्षांनी फिक्या करड्या पट्ट्याशिवाय काही नसतं. तो आला त्या दिवशीच झेरॉक्स काढून फाइलला लावणं हा एक रुपयाचा उपाय आहे, आणि तो कुठल्याही नियमात लिहिलेला नाही.

मग सगळं संगणकावर घेतलं की प्रश्न मिटला, असं वाटणं साहजिक आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांनी तर थेट आयुष्यभराची मुदत सांगितली: माणूस जिवंत असेपर्यंत नोंद नष्ट करायची नाही. मृत्यूनंतर तीन वर्षांनी ती 'निष्क्रिय' करावी. शक्यतो कायमची पुसूच नये. विचार म्हणून हे तीन वर्षांच्या नियमापेक्षा कितीतरी सयुक्तिक. पण मानक म्हणजे कायदा नव्हे. एकाच खोलीत कपाटातल्या कागदाला तीन वर्षं आणि टेबलावरच्या संगणकाला आयुष्यभर, असा कारभार त्यामुळे चालू राहिला.

इलेक्ट्रॉनिक नोंद 'ठेवली' असं कधी म्हणायचं, याचं उत्तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या सातव्या कलमात आहे. नोंद पुढे केव्हाही उघडून पाहता आली पाहिजे. ती मूळ स्वरूपात किंवा मूळ मजकूर जसाच्या तसा दाखवेल अशा स्वरूपात असली पाहिजे. ती कुठून आली, कुठे गेली, तारीख आणि वेळ काय, हे कळलं पाहिजे. या तीन अटींवर आपल्याकडच्या किती दवाखान्यांची सॉफ्टवेअरं टिकतील? पेशंटला दिलेली सीटी स्कॅनची सीडी घ्या. एका स्कॅनमध्ये शेकडो चित्रं असतात, ती डायकॉम या स्वरूपात. आज घरातल्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते, आणि सीडीबरोबर दिलेला व्ह्यूअर नव्या विंडोजवर उघडेलच असं नाही. नोंद आहे, मुदतीत आहे, पण पाहता येत नाही.

महाराष्ट्रानं हा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चालणारी एचएमआयएस ही रुग्णनोंदींची संगणक प्रणाली २०२२ मध्ये कंत्राटाच्या वादात बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हातानं लिहायची वेळ आली. कागदाच्या काळात कपाट पुरवणाऱ्या सुताराशी भांडण झालं म्हणून फाइली अडकत नव्हत्या. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली, असं सरकारनं संसदेत सांगितलं. काही दिवस देशातलं सर्वांत नावाजलेलं रुग्णालय वह्यांवर चाललं. म्हणून सॉफ्टवेअरवाल्याशी करार करताना 'आमचा सगळा डेटा आम्हाला वाचता येईल अशा स्वरूपात परत द्याल का, आणि बॅकअप दुसऱ्या जागी आहे का' हे दोन प्रश्न किमतीच्या आधी विचारायला हवेत. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी बिलिंग कसं निघतं एवढंच पाहिलं जातं.

आणि पुराव्याचं काय? कागदावर खाडाखोड दिसते. चांगली नर्स चुकीच्या शब्दावर एक रेघ मारते, शेजारी सही-तारीख घालते आणि खाली बरोबर शब्द लिहिते. संगणकावर जुना मजकूर पुसून नवा लिहिला तर, कुणी, केव्हा, काय बदललं याचा माग प्रणालीनं ठेवला नसेल तर, काहीच दिसत नाही. इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात मांडायची तर प्रमाणपत्र लागतं, हे जालन्याच्या एका विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये पक्कं केलं. तिथे प्रश्न निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओचा होता, पण नियम हॉस्पिटलच्या संगणकालाही तोच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालच्या प्रमाणपत्रात आता फाइलची 'हॅश व्हॅल्यू' लिहावी लागते. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी हा आकडा बदलतो. गावातल्या किती दवाखान्यांना हे काढता येईल, हा प्रश्नच आहे. जुनी फाइल स्कॅन करून मूळ फाडणाऱ्यांनीही जपून असावं. सहीच्या संमतीपत्राचा वाद कोर्टात गेला तर पहिली विचारणा मूळ कागदाची होते. निदान एमएलसी, संमतीपत्रं आणि प्रसूतीचे कागद तरी मूळ स्वरूपात ठेवावेत.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला हाही नोंदच आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार फोनचा लॉग, चॅट, पाठवलेले फोटो, रिपोर्ट आणि दिलेली चिठ्ठी हे सगळं डॉक्टरनं जपायचं आहे. फोन बदलताना चॅट उडालं, ही सबब ठरत नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे चौदा अंकी 'आभा' क्रमांक घरोघरी पोहोचला आणि 'आता सगळे रिपोर्ट सरकारकडे जमा' असा समज पसरला. तसं नाही. क्रमांक म्हणजे जोडणी. रुग्णाची संमती मिळाली की एका रुग्णालयातली नोंद दुसऱ्याला दिसते. मूळ नोंद ज्या रुग्णालयानं तयार केली त्याच्याकडेच राहते. म्हणजे त्या रुग्णालयानं तीन वर्षांनी ती काढून टाकली, तर आभा क्रमांकाच्या दुसऱ्या टोकाला काही उरणार नाही. जोडणीवर एवढा खर्च करून मुदतीला कुणी हात लावला नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

हात लावायचा एक प्रयत्न झाला होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २ ऑगस्ट २०२३ ला नवी आचारसंहिता अधिसूचित केली. तीत ओपीडीचा रुग्ण आला, मोजणी उपचारांसाठी झालेल्या शेवटच्या भेटीपासून सुरू झाली, आणि तीन वर्षांत सर्व नोंदी डिजिटल करण्याचं बंधन आलं. कागद द्यायची मुदत मात्र ७२ तासांवरून पाच कामकाजी दिवसांवर सैलावली. जेनेरिक औषधांच्या कलमावरून गदारोळ झाला आणि २३ ऑगस्टला ती सगळी आचारसंहिताच स्थगित झाली. नोंदींबद्दल फारसं कुणी भांडलं नव्हतं, पण ओल्याबरोबर सुकंही जळलं. २००२ चा नियम परत आला.

बाहेर कसं चालतं ते थोडक्यात. इंग्लंडच्या आरोग्य सेवेत प्रौढांच्या रुग्णालयातल्या नोंदी आठ वर्षं, मुलांच्या पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत, प्रसूतीच्या पंचवीस वर्षं, मानसिक आजाराच्या वीस वर्षं. जर्मनीत उपचार संपल्यावर दहा वर्षं. अमेरिकेत हिपा कायदा रुग्णाच्या फाइलीची मुदत सांगतच नाही. ती राज्याराज्यांवर सोडलेली आहे. इंग्लंडचा तक्ता आपल्याला सर्वांत उपयोगी, कारण त्यात मुदत कागदाच्या जातीवर नाही, रुग्णाच्या वयावर आणि आजाराच्या चालीवर ठरते.

दुसरी बाजू पुसण्याची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं किंवा संमती मागे घेतली, की ती पुसायची. दुसऱ्या कायद्यानं ठेवायला सांगितलं असेल तेवढीच सवलत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून मुख्य बंधनं टप्प्याटप्प्यानं लागू व्हायची आहेत. इथे आपल्या तोकड्या मुदती रुग्णाच्याच अंगलट येऊ शकतात. कायद्यातली मुदत तीनच वर्षांची, मग चौथ्या वर्षी नोंद ठेवायला आधार कोणता, असा प्रश्न रुग्णालयाचा वकील विचारणारच. २०१६ चं मानक कायदा नसल्यामुळे तिथे ढाल म्हणून चालेलच असं नाही. मुलांच्या, प्रसूतीच्या आणि दीर्घ आजारांच्या नोंदींची मुदत नियमातच वाढवून लिहिणं, हाच त्यावरचा सरळ मार्ग.

सगळ्यात मोठं भगदाड मात्र मुदतीत नाहीच. महाराष्ट्रातली खासगी वैद्यकीय सेवा मोठ्या प्रमाणात एकेका डॉक्टरच्या किंवा डॉक्टर नवरा-बायकोच्या नर्सिंग होमवर उभी आहे. डॉक्टर थकतात, मुलं परदेशी, इमारत पुनर्विकासाला जाते. मग तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीभर फाइलींचं काय? दवाखाना बंद करताना कागद कुणाकडे सोपवायचे, रुग्णांना कसं कळवायचं, हे २००२ ची आचारसंहिता सांगत नाही. काहीजण वर्तमानपत्रात महिनाभराची सूचना देऊन उरलेले कागद यंत्रात बारीक करतात. बरेच सरळ रद्दीवाल्याला बोलावतात, आणि मग कुणाचा तरी एचआयव्हीचा रिपोर्ट वजनावर विकला जातो. आपल्याकडे १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली प्रत्येक खासगी रुग्णालयाला नोंदणी करावी लागते आणि तिचं ठरावीक काळानं नूतनीकरणही होतं. त्या अर्जात खाटा, नर्सा, जागा यांची माहिती द्यावीच लागते. रुग्णालय बंद झाल्यास नोंदी कुणाच्या ताब्यात राहतील, त्या व्यक्तीचं किंवा संस्थेचं नाव, पत्ता आणि लेखी संमती, एवढा एक रकाना त्यात वाढवायला नवा कायदा लागणार नाही. नियमांतली एक दुरुस्ती पुरेल.